चूक वापरणाऱ्याची की पडद्याची? सॉफ्टवेअरच्या मांडणीचे नियम काय सांगतात

अमेरिकेतील सिटीबँकेला ११ ऑगस्ट २०२० रोजी रेव्हलॉन या सौंदर्यप्रसाधन कंपनीच्या कर्जदात्यांना व्याजापोटी सुमारे ७८ लाख डॉलर पाठवायचे होते. प्रत्यक्षात बँकेच्या स्वतःच्या पैशातून जवळपास ९० कोटी डॉलर बाहेर गेले. हा प्रकार सायबर हल्ल्यामुळे घडला नव्हता आणि त्यामागे कोणाची लबाडीही नव्हती. फ्लेक्सक्यूब या बँकिंग सॉफ्टवेअरच्या एका पडद्यावर तीन रकाने भरायला हवे होते. त्यातला एकच भरला गेला. व्यवहार नोंदवणारा, तो तपासणारा आणि त्याला अंतिम मंजुरी देणारा अशा तिघांच्या नजरेखालून तो गेला आणि तिघांनाही तो बरोबर वाटला.

न्यूयॉर्कमधील फेडरल न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये दिलेल्या निकालपत्रात या पडद्याचे सविस्तर वर्णन आहे. मुद्दलाची रक्कम बँकेतच थांबवायची असेल, तर 'प्रिन्सिपल', 'फ्रंट' आणि 'फंड' या तिन्ही रकान्यांत बँकेचे अंतर्गत खाते नोंदवणे आवश्यक होते. इंग्रजीत प्रिन्सिपल म्हणजे मुद्दल. त्यामुळे तेवढा एक रकाना भरला की मुद्दलाचा प्रश्न मिटला, असे कोणालाही वाटावे. पडद्यावर इशाराही उमटला होता. पैसे बँकेबाहेर पाठवले जातील, पुढे जायचे का, असा त्याचा आशय होता. परंतु किती पैसे जातील आणि ते व्याजाचे असतील की मुद्दलाचे, याचा उल्लेख त्यात नव्हता. व्याज तर बँकेबाहेर जायचेच होते. साहजिकच इशारा नीट वाचूनही कोणाला शंका येण्याचे कारण उरले नाही.

फ्लेक्सक्यूब हे मूळचे भारतीय सॉफ्टवेअर. मुंबईत मुख्यालय असलेल्या आय-फ्लेक्स सोल्युशन्सने ते विकसित केले आणि पुढे ही कंपनी ओरॅकलच्या ताब्यात गेली. तो व्यवहार नोंदवणारे आणि तपासणारे कर्मचारीही भारतातूनच काम करत होते. काही कर्जदात्यांनी सुमारे ५० कोटी डॉलर परत करण्यास नकार दिला, तेव्हा पहिला निकाल बँकेच्या विरोधात गेला. अपील न्यायालयाने तो सप्टेंबर २०२२ मध्ये फिरवला.

या प्रकरणाची कायद्याच्या अंगाने भरपूर चर्चा झाली. संगणकावरील सॉफ्टवेअर रचणाऱ्यांसाठी मात्र त्यातला मुख्य धडा नवा नव्हता. रकान्यांची नावे काय असावीत, इशाऱ्यात काय लिहावे, धोक्याच्या कृतीपूर्वी वापरकर्त्याला नेमके काय दाखवावे, याविषयीची लेखी मार्गदर्शक तत्त्वे किमान चार दशकांपासून उपलब्ध आहेत. 'यूजर इंटरफेस मार्गदर्शिका' या रुक्ष नावाने ओळखले जाणारे हे दस्तऐवज विकासकांखेरीज फारसे कोणी वाचत नाही, आणि अनेकदा विकासकही वाचत नाहीत.

हे नियम आले कुठून

१९८० च्या दशकात वैयक्तिक संगणक कार्यालयांत आले तेव्हा प्रत्येक सॉफ्टवेअरची स्वतःची भाषा होती. वर्डस्टारमध्ये मजकूर साठवण्यासाठी कंट्रोल आणि के, त्यानंतर डी अशा कळा दाबाव्या लागत. लोटस १-२-३ मध्ये तिरकी रेघ दाबली की मेनू उघडे. मदत हवी असेल तर लोटसमध्ये एफ-१ दाबायचे, पण वर्डपरफेक्टमध्ये एफ-३. तिथे एफ-१ म्हणजे रद्द आणि एफ-७ म्हणजे बाहेर पडणे. कोणती कळ काय करते हे लक्षात राहावे म्हणून कळफलकाच्या वरच्या ओळीभोवती बसणाऱ्या छापील पट्ट्या मिळत. एका सॉफ्टवेअरवर तरबेज झालेला टंकलेखक दुसऱ्यासमोर बसला की पुन्हा नवशिका होई.

यातून वाट काढण्याचे काम कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या 'पार्क' या संशोधन केंद्रात १९७० च्या दशकातच सुरू झाले होते. लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी तिथे जिप्सी नावाचे मजकूर-संपादनाचे सॉफ्टवेअर तयार केले. ते गिन अँड कंपनी या पाठ्यपुस्तक प्रकाशनाच्या संपादकांसाठी होते. त्यामुळे हे संपादक कागदावर काम कसे करतात, हे आधी पाहण्यात आले. संपादक मजकुराचे तुकडे कात्रीने कापत आणि दुसरीकडे डिंकाने चिकटवत. आज जगभर रुळलेल्या 'कट' आणि 'पेस्ट' या आज्ञा त्या कामातून आल्या. टेस्लर १९८० मध्ये ॲपलमध्ये गेले आणि वापरणाऱ्याच्या मागे बसून त्याचे निरीक्षण करण्याची ही पद्धतही त्यांच्याबरोबर तिथे गेली.

ॲपलच्या 'लिसा' या संगणकाची चाचणी घेताना घडलेला एक किस्सा या क्षेत्रात वारंवार सांगितला जातो. संवादचौकटीतल्या होकारार्थी बटणावर 'डू इट', म्हणजे 'करा', असे लिहिलेले होते. काही जण ते बटण दाबेनात आणि गोंधळलेले दिसत. एकाला विचारल्यावर कळले की त्याने ते शब्द 'डोल्ट' असे वाचले होते. इंग्रजीत डोल्ट म्हणजे मठ्ठ. दोन शब्दांमधली जागा कमी पडली होती आणि त्या वळणात रोमन लिपीतील मोठा आय व छोटा एल सारखेच दिसत होते. संगणक आपल्याला मठ्ठ म्हणतो आहे, अशी त्या माणसाची समजूत झाली. बटणावरची अक्षरे बदलून 'ओके' करण्यात आली.

लिसा १९८३ मध्ये आणि मॅकिंटॉश जानेवारी १९८४ मध्ये बाजारात आला. ॲपलने आपली मार्गदर्शिका १९८७ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. योगायोगाने त्याच वर्षी आयबीएमने 'कॉमन यूजर ॲक्सेस', संक्षेपाने सीयूए, या नावाने आपल्या सर्व संगणकांसाठी समान नियम जाहीर केले. पहिल्या दस्तऐवजाचा भर माऊस आणि चित्रांवर होता, तर दुसऱ्याचा कळफलकावर. आजच्या संगणकांवर या दोन्हींचा ठसा आहे. विंडोजसाठी मायक्रोसॉफ्टने आणि लिनक्सवरील ग्नोम प्रकल्पाने पुढे आपापल्या मार्गदर्शिका काढल्या. या नियमांना कायद्याचे बळ नाही. ते मोडल्यास दंड होत नाही, म्हणून तर ते सर्रास मोडले जातात.

हाताला लागलेली सवय

पूर्ववत करणे, कापणे, नक्कल करणे आणि चिकटवणे या चार आज्ञांसाठी झेड, एक्स, सी आणि व्ही या कळा वापरल्या जातात. त्यातल्या सगळ्याच इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे नाहीत. कळफलकाच्या खालच्या ओळीत त्या डावीकडून शेजारी-शेजारी येतात आणि उजवा हात माऊसवर असताना डाव्या हाताला सहज सापडतात, हा त्यांचा खरा गुण. मॅकिंटॉशवर त्या कमांड कळीसोबत आल्या आणि विंडोजने त्या कंट्रोल कळीसोबत घेतल्या. खिडकी बंद करण्यासाठी ऑल्ट आणि एफ-४ दाबण्याची पद्धत मात्र आयबीएमच्या नियमांतून आली. मदतीसाठी एफ-१ ही कळही त्याच नियमांनी पक्की केली.

मार्गदर्शिकांचा सर्वांत मोठा आग्रह येथेच दिसतो. वापरकर्त्याचा बहुतेक वेळ इतर सॉफ्टवेअर वापरण्यात जातो. तिथे शिकलेले त्याला इथेही उपयोगी पडले पाहिजे. नवे सॉफ्टवेअर कितीही कल्पक असले, तरी त्यातील कंट्रोल आणि एस या कळांनी फाइल साठवलीच पाहिजे. बटणांचा क्रमही याच प्रकारात मोडतो. विंडोजमध्ये होकाराचे बटण डावीकडे आणि 'कॅन्सल' उजवीकडे असते. मॅकमध्ये होकार सर्वांत उजवीकडे असतो. यातला बरोबर क्रम कोणता, हा वाद फारसा फलदायी नाही. ज्या प्रणालीवर सॉफ्टवेअर चालणार आहे तिचा क्रम पाळावा, एवढेच अपेक्षित असते. दोन्ही प्रणालींसाठी एकच रचना वापरणारे विकासक इथे हमखास चुकतात.

या नियमाला भारतात एक लक्षणीय अपवाद आहे. टॅली या बेंगळुरूच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल आणि ए या कळा दाबल्या की नोंद मंजूर होऊन साठवली जाते. इतरत्र याच कळांनी सगळा मजकूर निवडला जातो. मार्गदर्शिकेच्या काटेकोर निकषावर हा दोष ठरेल. परंतु एफ-५ म्हणजे पेमेंट, एफ-६ म्हणजे रिसीट, एफ-८ म्हणजे विक्री आणि एफ-९ म्हणजे खरेदी, हे देशभरातील लेखापालांच्या बोटांत इतके मुरले आहे की २०२० मध्ये टॅलीप्राइम या नावाने सॉफ्टवेअरचे रूप पालटले तरी या कळा तशाच ठेवण्यात आल्या. दिवसाला शेकडो नोंदी करणाऱ्या माणसाला माऊसकडे हात नेणे परवडत नाही. सुसंगती सगळ्या जगाशी राखायची की आपल्या व्यवसायाशी, असा प्रश्न येतो तेव्हा व्यवसायाशी राखलेली सुसंगती अधिक मोलाची ठरते, असेच टॅलीच्या अनुभवावरून म्हणावे लागेल.

सवय मोडण्याची किंमत मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीलाही चुकलेली नाही. ऑक्टोबर २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ मधून डाव्या कोपऱ्यातले 'स्टार्ट' बटण काढून टाकण्यात आले. स्पर्शपडद्यांसाठी केलेला हा बदल टेबलावरच्या संगणकांवर लोकांना रुचला नाही. वर्षभरात, विंडोज ८.१ मध्ये, बटण परतले आणि २०१५ च्या विंडोज १० मध्ये संपूर्ण मेनूही परत आला.

'खात्री आहे का?' हा प्रश्न

सॉफ्टवेअरमध्ये धोक्याची कृती आली की विकासकाचा पहिला उपाय ठरलेला असतो. तो एक चौकट दाखवतो, 'तुम्हाला खात्री आहे का?' असे विचारतो आणि होय व नाही अशी दोन बटणे देतो. काळजी घेतल्याचे समाधान त्याला मिळते आणि पुढची जबाबदारी वापरकर्त्यावर जाते. मॅकिंटॉश प्रकल्पाची सुरुवात करणारे जेफ रास्किन यांनी २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द ह्युमेन इंटरफेस' या पुस्तकात या उपायातील दोष उलगडून दाखवला. एखादा प्रश्न रोज विचारला गेला आणि त्याचे उत्तर जवळजवळ नेहमी 'होय' असेच असले, तर 'होय' दाबणे हे त्या कृतीचाच भाग होऊन जाते. बोट आपोआप चालते, वाचन होत नाही. ज्या एका वेळी 'नाही' म्हणायला हवे होते, तेव्हाही बोट तसेच चालते.

याचे सर्वांत भीषण उदाहरण वैद्यकीय क्षेत्रातील आहे. कॅनडातील एईसीएल या सरकारी कंपनीने तयार केलेल्या थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राने जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणोत्सर्ग दिला. त्यात मृत्यूही ओढवले. टेक्सासमधील टायलर येथे मार्च १९८६ मध्ये यंत्रचालकाने उपचाराचा प्रकार निवडताना एक अक्षर चुकीचे टंकले, वर जाऊन ते दुरुस्त केले आणि उपचार सुरू केला. पडद्यावर 'मालफंक्शन ५४' असा संदेश आला. यंत्राच्या पुस्तिकेत त्याचे स्पष्टीकरण 'डोस इनपुट २' एवढ्या शब्दांतच होते. २०२ एकके द्यायची असताना ६ एककेच दिली गेल्याचे यंत्र दाखवत होते. असे किरकोळ अडथळे रोज येत आणि ते आले की पुढे चालू ठेवण्यासाठी पी ही कळ दाबायची, अशी सवय होती. ती दाबली गेली. प्रत्यक्षात पहिल्याच वेळी रुग्णाला अतिप्रचंड मात्रा मिळाली होती, आणि पी दाबताच ती पुन्हा मिळाली.

या दुर्घटनांचे मूळ सॉफ्टवेअरच्या आतल्या दोषात होते, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. झटपट केलेली दुरुस्ती यंत्राच्या सर्व भागांपर्यंत पोहोचत नव्हती आणि जुन्या यंत्रांतील स्वतंत्र यांत्रिक संरक्षण या यंत्रातून वगळण्यात आले होते. तरीही नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चिकित्सेत पडद्यावरील संदेशांवर ठपका आहे. जीवघेणा बिघाड आणि क्षुल्लक अडथळा यांच्या संदेशांत फरकच नव्हता.

मार्गदर्शिका याबाबत एकमुखाने सांगतात की संदेशात तीन गोष्टी असाव्यात: काय झाले, का झाले आणि आता काय करता येईल. क्रमांक द्यायचा असेल तर तो शेवटी द्यावा, दुरुस्तीला येणाऱ्यासाठी. 'अवैध माहिती' हे शब्द वापरकर्त्याला काहीच सांगत नाहीत. 'पिन कोडमध्ये सहा अंक हवेत, येथे पाच आहेत' हे वाक्य त्याचे काम पुढे नेते.

शक्य असेल तिथे प्रश्न विचारण्याऐवजी कृती उलटवण्याची सोय द्यावी, हा दुसरा आग्रह. ॲपलच्या १९८७ च्या मार्गदर्शिकेत या तत्त्वाला 'क्षमाशीलता' असे नाव होते. फाइल काढून टाकली की ती आधी टोपलीत जाते, नष्ट होत नाही. लिसावर ही कल्पना होती आणि विंडोज ९५ मध्ये ती 'रिसायकल बिन' म्हणून आली. अशी सोय असली की माणूस न घाबरता नवे काही करून पाहतो. सॉफ्टवेअर शिकण्याचा तोच सर्वांत जलद मार्ग आहे.

परंतु पाठवलेले पैसे, दिलेला किरणोत्सर्ग किंवा प्रसारित झालेला इशारा टोपलीतून परत काढता येत नाही. अशा मोजक्या ठिकाणी थांबवणे आवश्यकच असते. मात्र तिथे खात्री न विचारता परिणाम दाखवावा लागतो: एकूण रक्कम, त्यातील मुद्दल किती, व्याज किती, कोणाच्या खात्यात. नेहमीपेक्षा वेगळे काही असेल तर ते ठळक दिसले पाहिजे. हवाईमध्ये १३ जानेवारी २०१८ रोजी सकाळी क्षेपणास्त्र हल्ल्याचा खोटा इशारा लोकांच्या मोबाईलवर गेला. त्याच्या चौकशीत आढळले की सराव असो वा खरा इशारा, सॉफ्टवेअर दोन्ही वेळी खात्रीचा प्रश्न त्याच शब्दांत विचारत होते. तो इशारा पाठवणाऱ्या कर्मचाऱ्याला सराव खराच हल्ला वाटला होता, त्यामुळे सगळा दोष पडद्यावर टाकता येणार नाही. पण इशारा खोटा असल्याचा संदेश आधी तयार ठेवलेलाच नव्हता आणि तो लोकांपर्यंत पोहोचायला ३८ मिनिटे लागली.

बटणांवरचे शब्द हा याच विषयाचा धाकटा भाऊ. 'होय', 'नाही' किंवा 'ठीक' यांपेक्षा बटणावर क्रियापद असावे: 'साठवा', 'साठवू नका', 'पाठवा', 'हटवा'. घाईत असलेला माणूस प्रश्न वाचत नाही, तो बटण वाचतो. मराठीत ही अडचण अधिक टोकदार होते. 'ही नोंदणी रद्द करायची आहे का?' या प्रश्नाखाली 'ठीक' आणि 'रद्द' अशी दोन बटणे असली, तर 'रद्द' दाबल्याने नोंदणी रद्द होईल की रद्द करण्याचा विचार रद्द होईल? 'नोंदणी रद्द करा' आणि 'नोंदणी कायम ठेवा' असे लिहिले की प्रश्न उरत नाही.

मांडणीचे इतर अनेक नियम मोजमापांवर आधारलेले आहेत. पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये दाखवले की लक्ष्य जितके मोठे आणि जवळ, तितका हात त्यावर लवकर पोहोचतो. म्हणून 'साठवा'ला चिकटून चिमुकले 'हटवा' ठेवू नये. प्रतिसादाच्या वेळेविषयी जेकब नीलसन यांनी प्रचारात आणलेले आकडे आजही वापरले जातात. एक दशांश सेकंदात घडलेले तत्काळ वाटते, एका सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही आणि दहा सेकंदांनंतर लक्ष उडते. त्याहून लांबणाऱ्या कामात प्रगती दाखवणारी पट्टी आणि थांबवण्याचे बटण हवे.

देवनागरीचे प्रश्न

या मार्गदर्शिका मूळ इंग्रजीत आणि रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या आहेत. त्यांचा मराठीत केवळ अनुवाद करून भागत नाही. देवनागरीला उभ्या दिशेने अधिक जागा लागते. शिरोरेषेवर वेलांट्या, मात्रा, रफार आणि अनुस्वार येतात, तर खाली उकार, ऋकार आणि एकाखाली एक रचलेली जोडाक्षरे. इंग्रजी अक्षरांच्या मापाने उंची ठरवलेल्या बटणात 'दुरुस्ती'चे उकार कापले जातात. म्हणून बटणाची उंची मजकुरावरून ठरू द्यावी, ती आकड्यात बांधू नये.

विंडोजमध्ये मेनूतल्या नावाचे एक अक्षर अधोरेखित असते आणि ऑल्टसोबत ते दाबले की मेनू उघडतो. मराठीत अक्षर, काना, मात्रा यांचा मिळून एक घडा बनत असल्याने नेमके काय अधोरेखित करायचे, हाच प्रश्न येतो. शिवाय कळफलक त्या क्षणी मराठीत आहे की इंग्रजीत, यावर दाबलेली कळ अवलंबून असते. त्यामुळे अनेक अनुवादांत मराठी नावापुढे कंसात एक रोमन अक्षर दिलेले दिसते. ही तडजोड देखणी नाही, पण चालते. बॅकस्पेस आणि डिलीट यांचे वर्तनही असेच तपासून घ्यावे लागते. बहुतेक ठिकाणी बॅकस्पेस शेवटची वेलांटी किंवा मात्रा तेवढी पुसते, तर डिलीट पुढचे संपूर्ण जोडाक्षर पुसते. मराठी टंकणाऱ्यांना याची सवय आहे. स्वतःची मजकूर-चौकट नव्याने लिहिणारा विकासक ही सवय नकळत मोडतो.

व्याकरणाचा प्रश्न तर इंग्रजी विकासकाच्या ध्यानातही येत नाही. इंग्रजीत वस्तूचे नाव आणि 'डिलीटेड' हा शब्द जोडला की वाक्य तयार होते. मराठीत फाइल हटवली जाते, फोल्डर हटवला जातो आणि चित्र हटवले जाते. तुकडे जोडून वाक्य बनवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मराठी रूपात 'फोल्डर हटवले' अशी वाक्ये येतात, ती यामुळेच. अनुवादकाला नेहमी पूर्ण वाक्य द्यावे, ही जुनी सूचना आहे. मोठ्या संख्यांत स्वल्पविराम लाख-कोटींच्या जागी पडावेत आणि तारखेत दिवस आधी यावा, यासाठी संगणकाच्या प्रादेशिक मांडणीलाच विचारावे. अमेरिकी पद्धत सॉफ्टवेअरमध्ये गोठवली, तर ४ मे रोजी जन्मलेल्या माणसाची जन्मतारीख ५ एप्रिल होते.

शब्दांची एकवाक्यता हाही जिव्हाळ्याचा विषय. 'सेव्ह'ला कुठे 'जतन करा', कुठे 'साठवा', तर कुठे 'सुरक्षित करा' असे प्रतिशब्द दिसतात. मेनूंमध्ये वारंवार येणाऱ्या शब्दांना प्रत्येक भारतीय भाषेत एकच प्रतिशब्द ठरावा म्हणून २००८ मध्ये फ्युएल हा मुक्त प्रकल्प सुरू झाला आणि त्यात मराठीचाही समावेश आहे. कोणता शब्द निवडला यापेक्षा तो सर्वत्र तोच राहिला, हे वापरणाऱ्यासाठी अधिक महत्त्वाचे असते. 'सेव्ह करा' असे लिहिले तरी बिघडत नाही. बोलताना बहुतेक जण तेच म्हणतात.

माऊस आणि दृष्टीविना

दृष्टिहीन व्यक्ती संगणक वापरतात तेव्हा पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर, म्हणजेच स्क्रीन रीडर, त्यांच्या मदतीला असते. ऑस्ट्रेलियात २००६ मध्ये सुरू झालेला एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मोफत आहे आणि मराठीही वाचू शकतो. पण बटणावर केवळ चित्र असेल आणि विकासकाने त्याला नाव दिले नसेल, तर तो फक्त 'बटण' एवढेच उच्चारतो. पाच बटणे असली तर पाच वेळा 'बटण'. जोडायचे असते ते एका शब्दाचे नाव, आणि त्याच्या अभावी बँकेत किंवा सरकारी कार्यालयात नोकरी मिळालेल्या दृष्टिहीन कर्मचाऱ्याला प्रत्येक व्यवहारासाठी शेजाऱ्याला हाक मारावी लागते.

कळफलकाने प्रत्येक गोष्ट करता यावी, टॅब कळ रकान्यांतून तर्कशुद्ध क्रमाने फिरावी, मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातील उजेडाचे गुणोत्तर किमान ४.५ ला १ असावे आणि चुकीचा रकाना केवळ लाल रंगाने दाखवू नये, कारण लाल-हिरवा फरक न दिसणाऱ्यांना तो कळत नाही, अशा सूचना आता केवळ शिफारशी राहिलेल्या नाहीत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अंतर्गत नियमांत मे २०२३ मध्ये दुरुस्ती होऊन भारतीय मानक ब्युरोचे आयएस १७८०२ हे मानक त्यात समाविष्ट झाले. माहिती-तंत्रज्ञानाच्या उत्पादनांची सुगम्यता हा त्याचा विषय असून संगणकावर चालणारी सॉफ्टवेअरही त्याच्या कक्षेत येतात. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी दिलेल्या निकालात डिजिटल सेवांपर्यंतची पोहोच ही घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले. ॲसिड हल्ल्यातून बचावलेल्या आणि दृष्टिबाधित व्यक्तींना केवायसी प्रक्रियेत येणाऱ्या अडचणींबाबत ते प्रकरण होते.

तपासायचे कसे

कार्यालयांसाठी सॉफ्टवेअर खरेदी करणारा आणि ते रोज वापरणारा हे सहसा वेगळे असतात. खरेदीच्या अटींत कोणती कामे व्हावीत याची यादी असते, पण ती करताना खिडकीवरच्या कर्मचाऱ्याला किती पडदे ओलांडावे लागतील, हे कोणी लिहीत नाही. पुढे नोंद चुकली की खुलासा मात्र त्याच कर्मचाऱ्याकडून मागितला जातो.

यावरची तपासणी खर्चिक नाही. नीलसन यांच्या मते पाच जणांना काम करताना पाहिले, तरी मांडणीतील बहुतेक ठळक दोष उघड होतात. लिसाच्या चाचणीप्रमाणेच वापरणाऱ्याला एक खरे काम द्यायचे, मागे बसायचे आणि मदत करण्याचा मोह आवरायचा. तो कुठे थबकतो, काय मोठ्याने वाचतो, कोणते बटण दाबण्याआधी हात मागे घेतो, याची नोंद ठेवायची. कागदावर काढलेल्या पडद्यांवरही हे करता येते आणि तेव्हा बदल करणे सर्वांत स्वस्त पडते. दुसरी परीक्षा माऊस काढून ठेवण्याची: व्यवहार सुरुवातीपासून शेवटपर्यंत केवळ कळफलकाने पूर्ण झाला पाहिजे. मराठीसाठी तयार होणाऱ्या सॉफ्टवेअरच्या चाचणीला बसणाऱ्यांत एक जण स्क्रीन रीडर वापरणारा आणि एक जण रोज मराठीत टंकणारा असावा, आणि त्यांना नमुन्याची बनावट नावे न देता जोडाक्षरे, रफार आणि अनुस्वार असलेली खरी नावे, पत्ते आणि लाखांच्या रकमा भरायला द्याव्यात.